इंदापूरच्या वाटेवरील निलगिरी

जेजुरीचा गड मागे टाकून मोरगावच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला, सह्याद्रीने आपल्या पश्चिम अंगावरच अडवून धरलेल्या पावसाची उणीव प्रथम मातीच्या वर्णावरून आणि मागाहून झाडांच्या उंचीवरून कळू लागते. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही आपल्या लहरीने, पडणाऱ्या पावसावर बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील माळ शतकानुशतके जगत आले आहेत. अशा पावसावर निसर्ग स्वखुशीने जी झाडे वाढू देतो ती बाभूळ, बोर, हिवर, फार तर एखादा लिंब, अशी ठेंगणी आणि बहुधा काटेरीच असतात. त्यामुळे सुप्याच्या अलीकडे एका मुरमाड चढावर, पांढुरक्या गुळगुळीत खोडांची, शिपायांसारखी ओळीत उभी केलेली निलगिरीची रांग दृष्टीस पडली तेव्हा ती त्या भूदृश्यातून उगवलेली न वाटता त्यावर वरून रोवलेली वाटली. या दोन तालुक्यांतील ऊस, साखर कारखाने आणि राजकारण यांविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची मला हौस नव्हती. मोरगावपासून भिगवणपर्यंतचा हा फेरा मी या परक्या झाडाच्या मिषाने केला, आणि त्याच्या मिषाने जे दिसले तेच येथे सांगणार आहे.

मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव धारण करणारे एक अभयारण्य सुप्यानजीक आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढेही नाही. पण त्याच्या राखणीत असलेला चिंकारा हा प्राणी अरण्यात राहणारा नसून उघड्या गवताळ माळावर राहणारा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्याचे महत्त्व पटते. हरणाला दूरवर पाहता यावे, लांडग्याला लपत यावे लागावे, आणि धाविक पक्ष्याला उघड्या जमिनीवर अंडी घालता यावीत, यासाठी माळ हा माळच राहावा लागतो. आमच्या महसुली दप्तराला मात्र ही गोष्ट कधी उमगली नाही. ज्या जमिनीत पीक निघत नाही ती पोटखराबा किंवा पडीक, आणि पडीक जमिनीवर झाड लावणे हे पुण्यकर्म, असा सरळ हिशेब असल्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य गवताळ माळांवर आणि गायरानांवर गिरिपुष्प, सुबाभूळ आणि निलगिरी यांची लागवड झाली. सुप्याच्या माळावर हिंडताना गवताचा पिवळा पट्टा संपून ओळीने लावलेली झाडे सुरू झाली, की पक्ष्यांचा आवाज एकदम विरळ होतो, हे अगदी अनभ्यस्त कानालाही जाणवते.

तेथेच एका निलगिरीच्या रांगेबाहेर, बाभळीच्या अपुऱ्या सावलीत एक वयोवृद्ध धनगर मेंढरे बसवून विसावला होता. शेजारी एवढी उंच झाडे असता काट्याखाली का बसलात, असे विचारल्यावर त्याने काठीनेच रांगेकडे निर्देश केला. "त्येची सावली अंगावर ठरती व्हय, पाव्हणं? जाळीवानी पडती. मेंढी तोंड लावत न्हाय, शेळीबी न्हाय. खाली गवात न्हाय. मग त्या झाडाचं करायचं काय आमी?" त्याच्या या तक्रारीत निलगिरीचे अर्धे वनस्पतिशास्त्र आले आहे. या झाडाची मोठेपणीची पाने आपल्या आंब्या-पिंपळाच्या पानांसारखी आडवी पसरत नाहीत. ती देठातून वळून उभी लोंबतात, त्यामुळे माथ्यावरच्या सूर्याला त्यांची केवळ कड दिसते, बाष्पीभवन आटोक्यात राहते आणि खाली वाटसरूला मिळते ती सावलीची केवळ नक्षी. पानांत तैलग्रंथी असतात. त्या तेलाच्या उग्र दर्पामुळे गुरे-शेळ्या त्यांना शिवत नाहीत, आणि गळलेल्या पालापाचोळ्यातील द्रव्ये व मुळांनी ओढून घेतलेला ओलावा या दोहोंमुळे तळाशी गवत फारसे तग धरत नाही. गंमत अशी, की शेळीने न खाणे हा धनगराच्या दृष्टीने जो या झाडाचा अपराध, तोच वनखात्याच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण होता. कुंपणाचा आणि राखणदाराचा खर्च न करता उघड्या गायरानावर जगेल असे दुसरे झाड सहजी मिळत नव्हते.

हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते एक झाड नसून ७०० हून अधिक जातींचा एक विस्तीर्ण गोत्रसमूह आहे, याची कल्पना थोड्यांना असते. टास्मानियातील राक्षसी जातीचे वृक्ष १०० मीटर उंचीपर्यंत जातात आणि सपुष्प वनस्पतींतील सर्वांत उंच वृक्षांत त्यांची गणना होते, तर मरुभूमीतील काही जाती झुडपाच्या वर डोके काढीत नाहीत. वणव्यांच्या त्या खंडात राहून यांपैकी बहुतेक जातींनी जळूनही न मरण्याची विद्या संपादन केली आहे. खोड भस्म झाले किंवा कुऱ्हाडीने तोडले तरी बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटवे येतात. कप्तान कुकच्या तिसऱ्या सफरीत १७७७ साली डेव्हिड नेल्सन या माळ्याने टास्मानियाच्या लगतच्या ब्रूनी बेटावरून आणलेल्या एका फांदीवरून, लेरित्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये या गोत्राला शास्त्रीय नाव दिले. फुलाची पाकळ्यांविना रचना त्याला विशेष वाटली होती: कळीवर एक छोटेसे टोपण असते, ते उडून पडले की आतून पुंकेसरांचा पांढरा झुपका बाहेर येतो. सुप्याच्या माळावर पायाखाली अशी वाळलेली टोपणे आणि लाकडी फळांचे पेले मूठमूठ सापडतात.

हिंदुस्थानात त्याचा प्रवेश टिपू सुलतानाच्या हातून, १७९० च्या सुमारास बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरील बागेत झाला, असे परंपरा सांगते. त्यानंतर अर्धशतकाने, १८४३ साली, मद्रास इंजिनिअर्समधील कप्तान कॉटन याने निलगिरी पर्वतावर त्याची लागवड केली. तेथील थंड हवेत वसलेल्या छावण्यांना आणि बंगल्यांना जळण पुरविण्याच्या भरात शोला अरण्ये झपाट्याने तुटत चालली होती, आणि लवकर वाढणारे सरपण ही निकड होती. मराठी घरात सर्दी झाली की रुमालावर ज्या तेलाचे दोन थेंब टाकतात ते निलगिरी पर्वतावरील निळसर पानांच्या जातीपासून काढीत. आपल्या माळांवरची जात निराळी. ती नंदी टेकडीवरील झाडांच्या संकरजन्य बियांपासून पसरलेली, 'म्हैसूर गम' म्हणून वनखात्यात ओळखली जाणारी. उष्ण व कोरड्या हवेत ती टिकते, सरळ वाढते, मात्र तिचे तेल सामान्य प्रतीचे. बारामतीच्या रस्त्यावर पान चुरगाळून हुंगणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती याचमुळे.

महाराष्ट्रात या झाडाचा सुकाळ झाला तो १९८० च्या दशकात. १९८२ साली सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. रोपवाटिकांतून रोपे नाममात्र किमतीत वाटली जाऊ लागली. रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे भराव आणि शाळांची आवारे यांवर निलगिरीच्या ओळी उभ्या राहिल्या. नाशिक जिल्ह्यात निफाडचे विनायकदादा पाटील यांनी वनशेतीचा पुरस्कार करून निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्थाच उभी केली, कारण ऊस आणि दूध यांप्रमाणे लाकूडही सहकारातून विकता येईल, हा त्या काळाच्या आशावादाला साजेसाच विचार होता. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, साग अशी झाडे आहेत, निलगिरी नाही. म्हणजे आजोबांनी लावलेली चिंच तोडायची तर अर्ज, पंचनामा, परवाना, आणि स्वतः लावलेली निलगिरी तोडायला केवळ कुऱ्हाड! शेतकऱ्याने कोणते झाड निवडावे हे कायद्यानेच अप्रत्यक्षपणे ठरवून टाकले होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर एकदम तोडणीस आलेल्या लाकडाने भाव कोसळले, आणि बांधावरची निलगिरी पुष्कळांनी कंटाळून तशीच उभी ठेवली.

बारामती या कसब्यात शिरताना प्रथम आठवण व्हावी ती मोरोपंतांची. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहून १०८ रामायणे रचणारा हा पंडितकवी १७२९ मध्ये जन्मला आणि १७९४ मध्ये निवर्तला. म्हणजे तो आर्या रचीत होता त्याच सुमारास, सातासमुद्रांपलीकडच्या त्या झाडाला एका फ्रेंच पंडिताकडून नाव मिळत होते. बारामतीचा ऑस्ट्रेलियाशी दुसराही एक, पुष्कळ अधिक मूर्त असा संबंध आहे, आणि तो मला या प्रवासात चकित करून गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या देशातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाच्या मिशनने येथे ठाणे दिले, शाळा चालविल्या, आणि पुढे आसपासच्या गावांतही काम वाढविले. मेलबर्न-सिडनीकडील माणसे ज्या गावात पिढ्यानपिढ्या येऊन राहिली त्याच गावाच्या वेशीवर त्यांच्या देशाचे झाड उभे दिसावे, या योगायोगातून कार्यकारणभाव जोडण्याचा मोह कोणालाही होईल. तो मी आवरला आहे, कारण झाडाचा मार्ग म्हैसूरवरून आलेला आहे आणि मिशनचा मुंबईच्या बंदरावरून.

बारामतीचे भाग्य पालटले ते कालव्याने. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरचे धरण बांधले गेले, आणि वीर येथून निघणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या बाजूला खेळू लागले. सरकारचा हेतू दुष्काळनिवारणाचा, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या जिराईत शेताला अडीअडचणीला एखादी पाळी देण्याचा होता. परंतु पावसाने साथ दिलेल्या वर्षी जिराईत शेतकरी पाणी मागेना, आणि ऊसवाला बागाईतदार वर्षभर मागू लागला. तेव्हा ज्याला पाणीपट्टी हवी त्या खात्याने ऊसवाल्याकडे वळणे अपरिहार्य होते. अतिपाण्याचे परिणामही लवकरच दिसले. कार्यकारी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाण्याची नासाडी थांबविण्यासाठी शतकाच्या आरंभी ब्लॉक पद्धत आखली: ठरावीक तुकड्यातच ऊस, बाकीच्यात हंगामी पिके, आणि पाणी सगळ्या गावांत विभागून. १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा येऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, उत्तम काळी जमीन पांढरी पडू लागल्याची ती सरकारी नोंद होय.

ही चोपण झालेली जमीन आजही भवानीनगरकडे जाताना चारीच्या खालच्या अंगाला पाहावयास मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत उसाच्या हिरव्या भिंतींमधून अकस्मात एखादा पांढुरका, खापरी पडलेला, शेवाळलेल्या डबक्यांचा तुकडा डोकावतो. त्यात पीक नसते, कडेला थोडा पाणकणीस वाढलेला असतो, आणि अशाच एका तुकड्याच्या बांधावर मला या प्रवासातील सर्वांत पुष्ट निलगिरीची झाडे आढळली. पन्नास-साठ हात उंच, कवेत न मावणारी. सुप्याच्या माळावर वीस वर्षांत जे झाड मनगटाएवढ्या फांद्या घेऊन कसेबसे उभे होते तेच येथे मदमस्त झाले होते. क्षार सोसण्याची निलगिरीची क्षमता आणि भूजल उपसून काढण्याची तिची शक्ती या दोहोंचा उपयोग पाणथळ जमिनीचा निचरा करण्यासाठी व्हावा, असे प्रयोग हरियाणात झाले आहेत आणि तेथे भूजलाची पातळी उतरल्याचे दिसूनही आले आहे. इटलीतील मठवासी संन्याशांनी १८६८ नंतर रोमजवळच्या हिवतापग्रस्त दलदलीत हीच झाडे लावली तेव्हा ती दूषित हवा शुद्ध करतात अशी समजूत होती, वास्तविक ती पाणी शोषीत होती.

बांधाच्या अलीकडच्या रानात पाण्याची पाळी घेत असलेल्या मध्यमवयीन शेतकऱ्याला, मी "अण्णा, झाडे तुमची का?" असे विचारले, तेव्हा तो एकदम उसळून म्हणाला, "बांध त्याचा, झाड त्याचं, आन् पाणी माझं!" शेजाऱ्याच्या झाडाच्या मुळ्या त्याच्या उसात शिरल्या होत्या, आणि बांधालगतच्या चार-पाच सऱ्यांतील ऊस खरोखर खुरटलेला होता, नजरेने मोजता येईल इतका उतार त्या पिकाच्या शेंड्यात पडला होता. त्याचे गाऱ्हाणे रास्त होते, यात शंका नाही. तथापि ज्या पिकाच्या वतीने तो भांडत होता त्या उसाला, पाटाने पाणी द्यायचे तर सुमारे २,५०० मिलिमीटर, आणि आडसालीला त्याहूनही अधिक पाणी लागते; म्हणजे त्या भूमीवर पडणाऱ्या पावसाच्या पाचपट. ते पाणी शेजपाळीने, पाटकऱ्याच्या वहीत नोंदून, सरकारी मोजमापाने येते म्हणून कोणी त्याला चोरी म्हणत नाही. निलगिरी मात्र अर्ज न भरता पिते. पाणी कोण किती पितो यापेक्षा कोणाच्या परवानगीने पितो यावर आमचा राग अधिक अवलंबून असतो, असे मला त्या बांधावर उभे राहून वाटले. अण्णांना तसे बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र मी केले नाही.

निलगिरीवरचा हा खटला कर्नाटकात फार कडवटपणे लढला गेला आहे. १९८३ साली तुमकूर जिल्ह्यात रयत संघाच्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेतील निलगिरीची रोपे उपटून टाकली होती. पुढे २०१७ मध्ये त्या राज्याने नव्या लागवडीवर बंदीच घातली. या दोन घटनांच्या मधल्या काळात इंग्लंडातील इयन काल्डर या जलशास्त्रज्ञाने कर्नाटकी सहकाऱ्यांसह निलगिरीच्या वनांतील मातीचा ओलावा थरांथरांनी मोजला. त्यांच्या निष्कर्षाची मांडणी वर्तमानपत्रांना सोयीची नव्हती म्हणूनच की काय, ती फारशी लोकांपर्यंत पोहोचली नाही. जेथे माती मध्यम खोलीची, तेथे निलगिरीचे पाणी पिणे स्थानिक कोरड्या पानझडी अरण्याहून अधिक नव्हते, जरी ते शेतपिकांच्या सुमारे दुप्पट होते. परंतु होसकोटेच्या खोल मातीत तिची मुळे वर्षागणिक खाली उतरत थेट त्या वर्षीच्या पावसापेक्षाही अधिक, म्हणजे मागील अनेक वर्षांचे साठलेले पाणी ओढून घेत होती. तेव्हा झाड दोषी की निर्दोष, हा प्रश्न झाडाला विचारण्याचा नाहीच; तो मातीच्या खोलीला विचारावयाचा आहे. सुप्याचा खडक आणि नीराकाठची काळी माती यांच्यात तेच झाड दोन निरनिराळी झाडे होऊन का वाढते, याचा उलगडाही त्यातच आहे.

बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था या खोलीच्या प्रश्नाशीच झुंजत आहे. जवळजवळ निव्वळ खडक असलेल्या माळावर, यंत्रांनी पाषाण फोडून आणि मुरूम उलथून, तेथे झाडे व पिके जगविण्याचे प्रयोग चालतात. तेथून जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव या गावांवरून रस्ता इंदापूरकडे जातो. वालचंद हिराचंद यांनी १९३४ मध्ये कळंबच्या माळावर साखर कारखाना काढून वसविलेले वालचंदनगर डावी-उजवीकडच्या उसातून क्षणभर दिसते. निमगाव केतकीला पानमळ्यांची हिरवी अंधारी लागते. तेथे वेलींना आधार शेवरी-शेवग्याचा, पण मळ्याच्या बाहेरच्या वाऱ्याच्या अंगाला निलगिरी. हे झाड वाऱ्याच्या वाटेत उभे करावे आणि मधल्या पिकाला त्यापासून अंतर द्यावे, एवढे शहाणपण पानमळेकऱ्याला आपसूक असते.

मुख्य रस्ता सोडून उत्तरेस कडबनवाडीच्या माळाकडे वळलो तेव्हा संध्याकाळची उन्हे कुसळीच्या तुऱ्यांवर उतरली होती. येथील गवताळ राने चिंकारा, तरस आणि लांडगे यांच्यासाठी नावाजली आहेत, आणि वनखात्याने अलीकडे तेथे माहीतगाराबरोबर सफारीही सुरू केल्या आहेत. ज्या जमिनीला एके काळी झाडे लावून "सुधारण्याचा" विचार होता तिच्याकडे आता झाडांविना पाहावयास लोक येतात, हा सरकारी दृष्टीतील पालट लहान नव्हे. मला तेथे लांडगा दिसला नाही. चिंकाऱ्यांची एक जोडी दिसली, आणि दोन्ही प्राणी आम्हांला आमच्याआधी पाहून चुकले होते.

इंदापूर हे शिवछत्रपतींचे पितामह मालोजीराजे यांच्या गढीचे आणि चाँदशाहवलीच्या दर्ग्याचे गाव म्हणून इतिहासात आहे. पण इंदापूरची एक निराळी कीर्ती आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनाही ठाऊक नसावी याचे मला नवल वाटते. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची जी पद्धत पुढे अर्ध्या दख्खनभर पसरली, तिचा आरंभ १८३६ साली याच तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी केला. त्यांच्या अगोदर प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आकारणी इतकी जबर ठरली होती की रयत गावे सोडून चालली होती. नव्या पद्धतीत सारा ठरविण्यासाठी जमिनीचे नऊ वर्ग करण्यात आले आणि प्रत्येक वर्ग आण्यांत मोजला: काळी, बारीक पोताची, पावणेदोन हात खोल माती सोळा आण्यांची, खोली हाताच्या पावपर्यंत उतरत गेली की आणेही उतरत जात. मोजणीदार पहारीने खड्डा खणून खोली पाहत. पाण्याचा, पिकाचा, झाडाचा आणि पर्यायाने माणसाचा सारा हिशेब मातीच्या खोलीत आहे, हे तत्त्व इंदापूरच्या कारकुनांनी दप्तरात उतरवून घेतल्यावर दीडशे वर्षांनी काल्डरच्या उपकरणांना त्याच निष्कर्षावर यावे लागले. वनीकरणाच्या अधिकाऱ्यांनी रोपांच्या गाड्या भरण्यापूर्वी तालुक्याचे ते जुने वर्गवारीचे तक्ते एकदा चाळले असते तर बारामती-इंदापुरातील पुष्कळ बांधांवरची भांडणे टळली असती.

इंदापूरची जुनी तहसील कचेरी पाहावयास जाण्याचे कारण महसुली नव्हते. कचेरीच्या आवारातील चिंचेच्या जुन्या झाडांवर चित्रबलाक दरवर्षी येऊन घरटी बांधतात. माणसांची ये-जा, वाहनांचे भोंगे, पक्षकारांची गर्दी, आणि वर पिवळ्या चोचीचे, गुलाबी पिसांचे मोठाले पक्षी काटक्या ओढीत, चोचींचा खडखडाट करीत संसार मांडून बसलेले! खाली अर्जनवीस टोपी सांभाळून चालतात. सारंगागार एवढे गावाच्या मध्यावर असेल असे मी कल्पिले नव्हते. हे पक्षी चिंच निवडतात, भादलवाडीच्या तलावावर बाभूळ निवडतात. निलगिरी उंच असूनही तिच्यावर क्वचितच, कारण घरट्याच्या पसाऱ्याला आडव्या, फाटे फुटलेल्या फांद्यांचा आधार लागतो, आणि निलगिरीच्या सरळ खोडावर तसा संसार टेकत नाही. तिच्यावर एखादी घार घर बांधते, आग्या मोहोळ लटकते, इतकेच.

इंदापूरहून भिगवणकडे जाताना उजव्या हाताला यशवंतसागराचे, म्हणजे उजनीच्या जलाशयाचे, पाणी सतत साथ करते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेकाठची अनेक गावे उठविली. पळसदेवचे जुने पलसनाथाचे मंदिर पाणी उतरले की उन्हाळ्यात वर येते. भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ या बाजूस उथळ झालेल्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि ते पाहण्यासाठी कोळी बांधवांच्या होड्यांतून पर्यटकांची रीघ लागते. मला त्या गुलाबी गर्दीपेक्षा कडेच्या एका कारखान्याचे आकर्षण अधिक होते.

भिगवणजवळ भादलवाडीच्या शिवारात इंडोनेशियातील सिनार मास या उद्योगसमूहाने १९९० च्या दशकात कागदाचा मोठा कारखाना उभारला. २००१ साली तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आला. तेथे तयार होणारा कागद लेपित, चकचकीत, रंगीत छपाईचा: मासिकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका, चित्रमय पुस्तके. लाकडापासून लगदा करण्याची सोय मात्र तेथे नाही. लगदा वाळवून, दाबून, गठ्ठ्यांच्या रूपाने बाहेरून, मुख्यत्वे समुद्रापलीकडून आणावा लागतो. जगाच्या बाजारात अशा लगद्यापैकी फार मोठा भाग ब्राझीलच्या आणि इतर उष्ण देशांच्या निलगिरीच्या बागांतून येतो, कारण तिचा तंतू आखूड, जेमतेम मिलिमीटरभर लांब असून कागदाला सफाई, जाडी आणि अपारदर्शकता देतो; ताणाला टिकण्यासाठी त्यात पाइन-देवदाराचा लांब तंतू मिसळावा लागतो. बल्लारपूरचा मूळ कारखाना १९४५ साली चंद्रपूरच्या बांबूवर उभा राहिला होता. बांबूची राने विरळ झाली तसतशी या देशातील कागद गिरण्याही निलगिरी आणि सुबाभळीकडे वळल्या, आणि तेव्हाच्या आंध्रात भद्राचलमच्या कागद गिरणीने निवडक झाडांच्या कलमांची लागवड शेतकऱ्यांकडून करवून घेतली. अशी कलमी रोपे 'भद्राचलम' या नावानेच आज आपल्याकडच्या रोपवाटिकांतून मागितली जातात.

कारखान्याच्या धुराड्याच्या दृष्टिपथात एका शेतकऱ्याच्या रानात निलगिरीची तोड चालू होती. माल समोरच्या कागदाच्या गिरणीत जात असावा, असा माझा स्वाभाविक तर्क होता. तो शेतकरी मनमोकळे हसला. बल्ल्या पुण्याला, स्लॅबच्या सेंट्रिंगला. बारीक वासे पंढरपूरकडच्या द्राक्षबागांच्या मांडवाला. उरलेले सरपण गुऱ्हाळाला. गिरणीत लाकूड घेतच नाहीत, "त्यांचा माल बोटीनं येतो, दादा." त्याची झाडे दोन ठिकाणी होती: धरणाच्या बाजूच्या मुरमाड टेकाडावर एक पट्टा, आणि खाली काळ्या रानाच्या बांधावर एक रांग. टेकाडावरचे बुंधे तो तसेच ठेवणार होता, पावसाळ्यात फुटवे आले की पुढल्या चार-पाच वर्षांनी पुन्हा तोड मिळेल म्हणून. बांधावरची मात्र मुळासकट काढायची, असे शेजाऱ्याच्या आणि त्याच्या पंचांदेखत ठरले होते. मुळ्या खोल गेल्याने जेसीबीचे भाडेच झाडांच्या पैशातून निम्मे खाऊन जाणार, एवढीच त्याची त्याबाबत कुरकुर होती.